कपाटाचा प्लाय

बत्तीस वर्षांच्या नोकरीतले बरेच गुन्हे विसरलो, हा मात्र विसरता आला नाही.

गेवराई तालुक्यातल्या एका गावात सभामंडपाचा स्लॅब टाकताना सेंट्रिंग, म्हणजे ओले काँक्रीट तोलणारा फळ्या-टेकूंचा साचा, कोसळले. सेंट्रिंग मिस्त्रीचा धाकटा भाऊ खाली दबून मेला. माल ठेकेदाराचा, मजुरी मिस्त्रीची. मिस्त्रीने टेकू कमी लावले, अशी फिर्याद ठेकेदाराने त्याच संध्याकाळी दिली. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवून मी मिस्त्रीला अटक केली.

तो एकच सांगत होता, "टेकू बराबर होते साहेब. फळी फुटली." मग हात जोडून म्हणाला, "भावाला अग्नी द्यायला सोडा. मागं दुसरं कुणी न्हाई."

बंदोबस्तात नेता आले असते. माणसे कमी आहेत म्हणून मी नाही म्हणालो.

पंचनाम्यात मी चौसष्ट टेकू मोजून लिहिले होते. टेकूंवर अंथरलेल्या प्लायवूडच्या फळ्यांबद्दल मात्र तीनच शब्द, 'तुटक्या फळ्यांचा ढीग'. तो ढीग ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी हलवला.

आठव्या दिवशी एक मेंढपाळ ठाण्यात आला. "ठेकेदारानं त्या फळ्या मला फुकट देल्त्या, शेडाला. पावसात वहीवानी उलगडल्या बगा. अशा मालावर माणसं उभी केली व्हती?"

प्लाय म्हणजे पदर. लाकडाचे पातळ पदर, एकाचे रेषे उभे तर पुढच्याचे आडवे, डिंकाने चिकटवलेले. सेंट्रिंगच्या प्लायचा डिंक पाणी सोसतो, कपाटाच्या प्लायचा सोसत नाही. आणि स्लॅब टाकण्याआधी सेंट्रिंग पाण्याने धुतात.

ठेकेदाराला बोलावले. "प्लाय तो प्लाय असतो साहेब," तो हसत म्हणाला.

दोन पंचांसमोर ठाण्यातल्या चहाच्या पातेल्यात दोन तुकडे उकळत ठेवले. एक दुकानातून आणलेला सेंट्रिंगचा, एक मेंढपाळाकडून जप्त केलेला. तासाभरात दुसऱ्याचे पदर सुटले. वरून मारलेला काळा रंग तवंगासारखा तरंगू लागला.

"थांबा की, सेंट्रिंगचा बी सुटंल," ठेकेदार म्हणाला.

"किती थांबू शेठ?" हवालदार म्हणाला. "आमचा चहा राहिलाय."

आणखी तास गेला, सेंट्रिंगचा तुकडा तसाच राहिला. मग ठेकेदार कबूल झाला. कपाटाचा प्लाय रंगवून सेंट्रिंगचा म्हणून त्यानेच दिला होता. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला.

अकराव्या दिवशी मिस्त्री सुटला. गावकऱ्यांनी भावाला केव्हाच अग्नी दिला होता, दहावाही उरकला होता. मी म्हणालो, "तुझी चूक नव्हती."

"ते मला ठावं व्हतं साहेब," तो म्हणाला आणि चपला घालून निघाला.

पुराव्यातली प्रत्येक वस्तू कशाची बनली आहे ते लिहावे, हे त्यानंतर मी प्रत्येक नव्या फौजदाराला शिकवले. आरोपीने हात जोडून काय मागितले, हे लिहायला पंचनाम्यात रकाना नसतो. ते आपणच लक्षात ठेवायचे असते.