तिनं नको म्हटलं होतं

"नको म्हणायचं ते नवऱ्याला म्हणायचं होतं," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि आयाबाई हसली.

वहिनी टेबलावर आडवी होती. साडी गुडघ्यांच्या वर. दोन महिन्यांची माझी भाची माझ्या हातात. वहिनी एवढंच म्हणाली होती, "मना तांबी नाय पायजे. सुई दे." पहिल्या पोरानंतर बसवलेल्या तांबीनं तिचं फार रक्त गेलं होतं. दिवस राहू नयेत म्हणून तीन महिन्यांनी एकदा घ्यायची सुई मिळते, हे तिला आमच्या पाड्यावरच्या आशाताईनं सांगितलं होतं. त्या सुईसाठीच आम्ही गंजाडहून डहाणूच्या सरकारी दवाखान्यात आलो होतो.

मॅडम शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला इंग्रजीत म्हणाल्या, यांना समजावत बसू नकोस. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पुढच्या सुईला उगवत नाहीत, मग पोट घेऊन येतात. यांचं आपणच ठरवायचं.

मला शब्द न् शब्द कळला. सरकारी योजनेतून मी पहिलीपासून इंग्रजी शाळेत होते, वसतिगृहात राहून. तेव्हा बारावीला होते. त्या शाळेत मी सगळ्यात चांगलं काय शिकले, तर गप्प बसायला.

"ए, हिला तुमच्या भाषेत सांग. दुखत नाही म्हणावं."

"वहिनी, दुखणार नाय," मी सांगितलं. बाकीचं गिळलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. आयाबाईनं तिचा अंगठा धरून कागदावर उठवला. मॅडमनी तांबी बसवली.

भट्टीच्या गावातल्या सरकारी दवाखान्यातही पुढची सुई घेता आली असती. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कुणी सांगितलं नाही. ती कुठे जाते, कधी परतते, हेच कुणी विचारलं नव्हतं.

संक्रांतीनंतर वहिनी पोरांना घेऊन एकटीच परत आली. दादा भट्टीवरच राहिला. तिचे ओठ पांढरे पडले होते. दिवसभर डोक्यावर विटा, आणि कपडा बदलायला आडोसा नाही. "रगत आज थांबंल, उद्या थांबंल, म्हणत रेली," ती म्हणाली.

पुन्हा तीच खोली. त्याच मॅडम.

"काढायची? नवरा कुठाय? त्याची सही आण. एवढं रक्त सगळ्यांचंच जातं. कामाचा कंटाळा आला की तांबी आठवते."

मी तोंड उघडलं आणि इंग्रजीच बाहेर आली. भीतीनं दुसरी भाषा सुचलीच नाही. मी म्हटलं, तीन महिने हिचं रक्त जातंय. हिला ती काढून हवी आहे. त्यासाठी नवऱ्याची सही लागते असा नियम असेल तर दाखवा.

मॅडमचा चेहराच बदलला. "अगं, किती छान बोलतेस. कुठल्या शाळेत होतीस? आधी सांगायचं ना. बस, बस."

खुर्ची पुढे आली. माझ्यासाठी. जिचं रक्त जात होतं ती उभीच होती.

शिवी परवडली असती.

मी वहिनीला त्या खुर्चीत बसवलं. मग मराठीत म्हटलं, "मॅडम, मी सांगते म्हणून काढू नका. ती सांगते म्हणून काढा. तिला विचारा."

त्यांनी विचारलं नाही. पण काढली. कागदावर लिहिलं, रुग्णाच्या हट्टामुळे.

परतताना आम्ही जीपमध्ये बसलो. वहिनी म्हणाली, "त्या दिशी ती इंग्रजीत बोलली, तुला समजला होता ना?"

"हो."

"मग?"

 

आता मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अजूनही चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. पण टेबलावरची बाई नको म्हणाली, तर माझा हात तिथेच थांबेल. शेजारच्याचा थांबला नाही, तर मी तो धरीन. मग तो कुणाचाही असो.