सतरा नंबर, गैरहजर

चप्पल माझ्या हातात दिली तेव्हा माझ्या गळ्यात स्पर्धकाचं कार्ड लटकत होतं. कार्डावर माझा फोटो, माझं नाव, शाळेचं नाव आणि नंबर. सतरा.

"बेटा, तुम्हारे पास तो सामान होगा ही," संयोजक सर म्हणाले. "मॅडम को स्टेज पे जाना है. जरा देख लो. दो मिनट का काम है."

मॅडम म्हणजे प्रमुख पाहुण्या. स्टेजमागच्या खोलीत सोफ्यावर बसलेल्या. एक पाय चपलेत, दुसरा उघडा, गालिच्यावर. जरीची कोल्हापुरी होती, तिचा अंगठा तुटला होता. त्या फोनवर बोलत होत्या. माझ्याकडं पाहिलंही नाही.

मी नाही म्हणाले नाही. हे आधीच सांगून टाकते. पुढं कुणी मला शूर म्हणू नये. मी खाली बसले. चप्पल गुडघ्यांत धरली. पिशवीतून चामडं शिवायची आरी काढली.

तीन वर्षं झाली. मी अकरावीत होते. ग्वाल्हेरच्या हजीऱ्यात राहायचो, अजूनही तिथंच राहतो. शाळा सरकारी, मुलींची. आम्ही मराठी. कधीकाळी मराठ्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आलेले. पण फौजेबरोबर म्हणजे घोड्यावर बसून नाही. घोड्यांची खोगिरं आणि लगाम शिवणारे आम्ही. चांभार. फौज गेली, घोडे गेले, आमची आरी राहिली. बाबा माधवगंजात एका दुकानाच्या पायरीशी बसतात. चपला, बूट, पिशव्यांच्या चेन, जे येईल ते.

बाबांनी मला आरीला हात लावू दिला नव्हता. "तू कलम पकड," म्हणायचे. पण सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन जायची आणि बसायची. बघून बघून हात शिकला.

त्यांच्याकडं गुप्ताजी यायचे. म्हातारे, साखरेचा आजार. एक दिवस त्यांनी चप्पल काढली तर आत रक्त. तळव्यात चूक घुसली होती, बारका खिळा. सकाळपासून ते त्याच्यावर चालत होते. कळलंच नव्हतं. पाय बधिर. पुढं त्या पायाची दोन बोटं कापावी लागली. मला झोप लागेना. ज्याला दुखतच नाही त्याला चप्पल चावते हे कसं कळणार?

मग मी करायला घेतलं. तव्याची काजळी गुप्ताजींच्या तळव्याला लावली आणि कागदावर पाय उमटवला. जिथं जास्त काळं तिथं जास्त दाब. त्या ठशावरून चपलेचा तळवा कापला. खाली टायरचं रबर, मध्ये फोम, वर मऊ चामडं. काळ्या जागांखालचा फोम कोरून काढला. पहिले चार बिघडले. पाचवा घालून गुप्ताजी महिनाभर फिरले. फोड आला नाही. बाबांना असलं काही येत नव्हतं. त्यांच्या बाबांनाही नाही. आमच्या घरात कुणी कधी पायाचा ठसा घेतला नव्हता. ते माझं होतं.

आमच्या विज्ञानाच्या तोमर मॅडमनी ते पाहिलं. त्यांनीच फॉर्म भरला. सिटी सेंटरमधल्या एका मोठ्या हॉलमध्ये विद्यार्थ्यांचं संमेलन होतं. प्रतिभावान मुलांच्या सर्जनशीलतेचा उत्सव, असं बॅनरवर लिहिलेलं. मुलं निवडून बोलावली होती. सरकारी शाळेतली मी एकटी. मॅडम माझ्याकडून रोज शाळा सुटल्यावर भाषण घोटून घ्यायच्या. पाच मिनिटांचं. अजून पाठ आहे.

सकाळी टेबलं मांडली होती. माझ्या शेजारी अथर्व नावाचा मुलगा. त्यानं प्लास्टिकच्या नळ्यांचं हृदय केलं होतं. मुलगा चांगला होता. माझा चार्ट पडायला लागला तेव्हा त्यानंच टेप दिली.

परीक्षक आले, बरोबर प्रमुख पाहुण्या. एकेकाळी राजाच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर असलेल्यांचं घराणं, असं संयोजक सर सगळ्यांना सांगत होते. त्यांनी माझं कार्ड वाचलं आणि एकदम मराठीत बोलल्या, "अगं बाई, मराठी का तू?"

मला काय आनंद झाला! ग्वाल्हेरात सगळा दिवस हिंदीत जातो. कुणी मराठीत बोललं की आपलं माणूस भेटल्यासारखं वाटतं. मी म्हणाले, "हो मॅडम, आम्ही पण मराठीच आहोत."

"कार्डावर नुसतंच नाव आहे. आडनाव काय?"

मी सांगितलं.

त्यांचा चेहरा वाकडा झाला नाही. हसल्याच. फक्त टेबलावरचा माझा चपलेचा तळवा उचलायला पुढं आलेला हात पर्सवर परत गेला.

"म्हणजे घरचंच काम की तुमच्या!" मग परीक्षकांकडं वळून, "इनका तो खानदानी काम है. इसमें बच्ची की अपनी क्रिएटिविटी क्या हुई?"

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. पेननंच माझा तळवा जरा उलटा करून पाहिला. पुढं गेले.

अथर्वचे वडील हृदयाचे डॉक्टर. दोन टेबलांत चार पावलांचं अंतर. मला सगळं ऐकू आलं. "डॉक्टर साहब के बेटे हो? वाह. टॅलेंट तो खून में होता है."

माझ्याकडं उत्तर होतं. गुप्ताजी होते, पाच तळवे होते, काजळीचे कागद होते. पण मी चार्टचा कोपरा सरळ करत राहिले. तो सरळच होता.

दुपारी भाषणं सुरू झाली. नंबरानं बोलावत होते. बारावा नंबर चालू असताना संयोजक सर मला शोधत आले. मला वाटलं, काही विचारायचं असेल. मी चार्ट घेऊनच धावले. त्यांनी चार्ट बाजूला ठेवला आणि चप्पल दिली.

दोन मिनिटांचं काम नव्हतं ते. कोल्हापुरीचा अंगठा नीट बसवायचा तर जुनी शिवण उसवावी लागते. मी म्हणाले, "सर, मेरा नंबर..."

"अरे आ जाएगा, हम हैं ना."

भिंतीपलीकडं स्टेज. माइकचा आवाज स्वच्छ येत होता. चौदा. टाळ्या. पंधरा. माझा हात जोरात चालायला लागला. आरी बोटात घुसली. रक्त चपलेला लागू नये म्हणून मी बोट तोंडात धरलं. आज हेच मला सगळ्यात जास्त टोचतं. तेव्हाही मी चपलेलाच जपत होते.

सोळा. टाळ्या.

"सत्रह नंबर." माझं नाव. माझ्या शाळेचं नाव. "सत्रह नंबर?"

मी उठले. संयोजक सर दारात होते. त्यांनी तळहात दाखवला. बस. पाहुण्यांचा एक पाय अजून उघडा होता. त्या फोनमधून डोकं न काढता म्हणाल्या, "झालं का गं?"

"सत्रह नंबर, अनुपस्थित. अठारह."

मी बसले. दोन टाके राहिले होते. ते घातले. धागा तोडला. त्यांनी चप्पल घातली, पाय जमिनीवर दाबून बघितला आणि म्हणाल्या, "हाताला सफाई आहे हं तुझ्या."

तोमर मॅडम वर बाल्कनीत होत्या, बाकीच्या शिक्षकांबरोबर. त्या धावत खाली आल्या. माझं बोट पाहिलं, आरी पाहिली. संयोजकांशी भांडल्या. ते म्हणत राहिले, "शेड्यूल टाइट है, मॅडम."

बक्षिसं झाली. अथर्वला पहिलं. शेवटी सूत्रसंचालक बाई हसत हसत म्हणाल्या, आज एक किस्सा झाला. पाहुण्यांची चप्पल तुटली आणि आपल्याच एका छोट्या कलाकारानं ती जोडली. तिला सेवाभावाचं विशेष बक्षीस. हॉल हसला. टाळ्या वाजल्या. माझं नाव पुकारलं. दिवसात दुसऱ्यांदा.

मी स्टेजवर गेले. का गेले, माहीत नाही. पाय गेले. पाहुण्यांनी पाकीट पुढं केलं. फोटोवाला म्हणाला, इधर देखो.

माझे हात मागं गेले. मी ठरवलं नव्हतं. मी म्हणाले, "नाही घेणार."

"बेटा, तमाशा मत करो," संयोजक सर दातांतल्या दातांत म्हणाले.

माइक जवळ होता. मी म्हणाले, "सत्रह नंबर मेरा था. मैं अनुपस्थित नहीं थी. मैं पीछे इनकी चप्पल सी रही थी. मुझे बोलने दीजिए. पाच मिनिटं फक्त."

हिंदीत सुरू केलं आणि मराठीत संपलं. पुढचं वाक्य काढायच्या आत माइक बंद. सूत्रसंचालक बाईंनी दुसरा माइक घेतला. "बच्ची थोडी नर्व्हस हो गई है. जोरदार तालियाँ!"

आणि लोकांनी वाजवल्या. खरंच वाजवल्या. पहिल्या रांगेत अथर्व होता. त्यानं नाही वाजवल्या. मान खाली घालून बक्षिसाची ढाल बघत बसला. बस्स, इतकंच. माझ्यासाठी त्या हॉलमध्ये एवढंच झालं.

सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. आयोजकांचं पत्र आलं होतं. मी शाळेची बदनामी केली. माफीनामा हवा. तोमर मॅडम म्हणाल्या, तिनं खरं तेच सांगितलं. त्यांच्याकडून विज्ञान मंडळ काढून घेतलं.

घरी बाबा म्हणाले, "लिहून दे ना. दोन लाइनी तर आहेत."

"बाबा, मी काय चुकीचं केलं?"

"चुकीचं कोण म्हणतंय? मी दिवसातून दहादा माफी मागतो. गिऱ्हाईकाची, दुकानवाल्याची, पोलिसाची. चूक नसताना. तुला एकदा जड झाली?"

ते रागावून नाही बोलले. समजावून सांगत होते. ताटातली भाकरी मोडता मोडता, अगदी सहज. त्यांना वाटत होतं, चांभाराच्या घरी माफी ही मिठासारखी असते. असतेच घरात. कुणी मागितली की द्यायची.

मी कागद घेतला. आयोजकांनी काय केलं, पाहुण्या काय बोलल्या, किती वाजता कुठं बसून मी चप्पल शिवली, सगळं लिहिलं. खाली पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. प्राचार्यांना दिलं.

त्या म्हणाल्या, "ये माफीनामा नहीं है."

मी म्हणाले, "नहीं है."

काही बदललं नाही. आयोजकांनी पुढच्या वर्षी पुन्हा संमेलन भरवलं. आमच्या शाळेला पत्र आलं नाही. तोमर मॅडमची बदली झाली, तालुक्याला. मी बारावी केली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तनाच्या रकान्यात प्राचार्यांनी लिहिलं, असंतोषजनक. म्हणाल्या, अजूनही दोन ओळी लिहून दे, बदलून देते. एका कॉलेजनं तो दाखला बघून अर्ज परत केला. दुसऱ्यानं घेतलं. बाबा महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

गेल्या आठवड्यात पादत्राणांच्या डिझाइनच्या कोर्सचा फॉर्म आणलाय. भरला तर आडनाव बघून पुन्हा कुणीतरी म्हणेलच, घरचंच काम की. मैत्रिणी म्हणतात, दुसरं काहीतरी घे, कंप्यूटर घे, कशाला तेच? आणि आधी तो दाखला बदलून घे.

दाखला बदलणार नाही. मुलाखतीत तो सगळ्यात वर ठेवणार आहे. विचारलं तर सगळं सांगेन. नाही विचारलं तरी सांगेन. प्रवेश नाही मिळाला तर पुढच्या वर्षी हाच दाखला घेऊन पुन्हा जाईन. काम हेच करणार. आणि ज्या दिवशी हुकूम म्हणून कुणी ते माझ्या हातात देईल, त्या दिवशी मी खाली बसणार नाही.