कडुबाभाऊंचं कुलूप

आमच्या भीमगीतांच्या पार्टीत मी, राजेंद्र, ढोलकी वाजवतो. कडुबाभाऊ काही वाजवत नाहीत, ते फक्त डोकं खातात.

वाळूजच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. तिथला नियम असा, की मशीनला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला आपलं कुलूप लावायचं, वर आपल्या फोटोची लाल पट्टी लटकवायची आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. ज्याचा जीव, त्याची किल्ली. मॅनेजरनं मागितली तरी द्यायची नाही. रिटायर होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात, हा माणूस कुलूप घेऊन आला. घरात साधा बल्ब बदलायचा तरी मेन स्विचला कुलूप. मिक्सरमध्ये अर्धवट वाटलेली चटणी घेऊन सरितावहिनी ताटकळत उभ्या, आणि लाल पट्टीवरून मिशीवाला तरुण कडुबा त्यांच्याकडे रोखून बघतोय!

त्यांची मुलगी प्रेरणा बँकेत नोकरी करते आणि आमच्यात गाते, गिटारही वाजवते. यंदा तिनं दुसरा ॲम्प्लिफायर घेतला. एकातून सूर स्वच्छ, दुसऱ्यातून जरा घोगरा. दोन्ही मिळून इतका भरदार आवाज की मला माझ्या ढोलकीची काळजी वाटू लागली. सुरुवातीला ती एकाच्या स्पीकरची वायर दुसऱ्याच्या इनपुटला खोचत होती. भाऊ धावले. "जळंल की ते! गिटारची वायर स्प्लिटरच्या डबीतून दोघांला वाटून दे, आन् ज्याचा स्पीकर त्यालाच ठिव."

करमाडच्या कार्यक्रमात प्रेरणा स्वतः चाल लावलेलं गाणं पहिल्यांदाच म्हणणार होती. हॉल गच्च भरलेला, पुढं प्रमुख पाहुणे तात्यासाहेब. ॲम्प्लिफायर सुरू केले आणि दोन्हींतून 'घूंऽऽ' अशी घरघर सुरू झाली. एकाला करंट हॉलच्या बोर्डावरून होता, दुसऱ्याला शेजारच्या दुकानातून मांडववाल्या बन्सीनं ओढलेल्या वायरीवरून. बन्सीनं पक्कड काढली आणि एका प्लगची अर्थिंगची तिसरी पिन कचकन मोडली. "सगळे असंच करतेत," तो म्हणाला. घरघर खरोखरच थांबली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, सांगायला लाज वाटते.

भाऊंनी खाली पडलेली पिन उचलली. बन्सीची वायर उपसली, हॉलचा मेन स्विच पाडला, कुलूप लावलं, फोटो लटकवला. पंखे, माइक, सगळं ठप्प. अजून ऊन होतं, त्यामुळं एकमेकांची तोंडं दिसत होती. प्रेरणाचं बघवत नव्हतं.

"पप्पा, लोकं बसलेत! इज्जत घालवायलेत तुम्ही माझी!"

तात्यासाहेब उठले. "कडुबा, उघड ते. आम्हाला पुढं लग्नाला जायचंय."

"ज्याचा जीव, त्याची किल्ली, तात्यासाहेब. ह्याच्यात माझा जीव नाय." भाऊंनी किल्ली प्रेरणाच्या हातात ठेवली. "तारांवर हात तुझा, माइकला ओठ तुझे. त्या डब्यात एखादी वायर सुटली, तर करंटला जायला रस्ता तूच. उघडायचं तर उघड, बाई."

प्रेरणा मोडक्या पिनेकडं बघत राहिली. मग तिनं किल्ली कुर्त्याच्या खिशात टाकली.

"बन्सीदादा, नवा प्लग बसवा. पप्पा, अजून काय करायचं?"

मग काय, भाऊंना उधाण आलं. दोन ठिकाणचं अर्थिंग आपसात भांडतं, त्याचीच ती घरघर, म्हणून दोन्ही ॲम्प्लिफायर आणि माइकचं मशीन एकाच बोर्डावर घेतलं, सगळ्या पिना शाबूत. हॉलमागचा अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा. ओल असली तरच ते काम करतं, म्हणून त्यात पाणी ओतायला लावलं. जार संपले, बाटल्या संपल्या, शेवटी तात्यासाहेबांच्या हातातला ग्लासही गेला. प्रेरणानं कुलूप काढलं. भाऊंनी टेस्ट लॅम्प लावून अर्थिंग तपासलं. बल्ब लख्ख पेटला. घरघर नव्हती.

ते गाणं लोकांनी दोनदा म्हणायला लावलं. तात्यासाहेब लग्न विसरले आणि कोरड्या घशानं दाद देत बसले. मी भाऊंना विचारलं, "कसं झालं?"

"अर्थिंग चांगलं लागलं," ते म्हणाले आणि डोळे पुसले.

कुलूप मात्र प्रेरणानं परत दिलं नाही. आता प्रत्येक कार्यक्रमात जोडणी होईपर्यंत तीच ते लावते, पट्टीवर तिचाच फोटो आहे. परवा घरचा बल्ब गेला. भाऊ स्टुलावर चढले, उतरले आणि कुलपासाठी तिला बँकेत फोन केला. ती संध्याकाळी येते म्हणाली.

त्या दिवशी सरितावहिनींची चटणी एका दमात वाटून झाली.