तांदळातला कॅमेरा

मला किळस लवकर येते. दुसऱ्याच्या रुमालाचीही येते, मग दुसऱ्याच्या डोळ्याला वर्षानुवर्षं चिकटलेल्या कॅमेऱ्याची येणारच. पण मोठ्या सेन्सरचा नवा फुल-फ्रेम कॅमेरा बँकेच्या पगारात बसत नव्हता आणि मुलीचं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचा पहिला जाहीर नाच, तोंडावर आलं होतं. सभागृहात फ्लॅशला सक्त मनाई. शाळेच्या गॅदरिंगला माझ्या छोट्या कॅमेऱ्यानं तिच्याऐवजी एक रवाळ, धुरकट डागच टिपला होता. तो अल्बम तिनं एकदा उघडला आणि लगेच मिटला. या वेळी मला तिचा चेहरा नीट हवा होता, आणि त्या अंधुक उजेडात मोठ्या सेन्सरशिवाय ते जमणारं नव्हतं.

पहिला जुना कॅमेरा पाहायला गेलो पेरुंगुडीला, एका सॉफ्टवेअरवाल्या तरुणाच्या फ्लॅटवर. एसी, काचेचं टेबल, कॅमेरा चकचकीत. मी खूश झालो. तेवढ्यात त्यानं लेन्स काढली, आत धूळ दिसतेय म्हणाला आणि तोंड अगदी जवळ नेऊन जोरात फुंकर मारली. फुंकर कसली, शिंपण होतं ते. हे तो नेहमीच करत असणार, कारण पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून पाहिला तर सगळीकडे बारीक ठिपके. कॉम्प्युटरवर पुसता येतात अंकल, असं त्यानं इंग्रजीत समजावलं. म्हणजे याची थुंकी माझ्या मुलीच्या कपाळावर बसणार आणि मी ती पुसत राहणार. विचार करून सांगतो म्हणून उठलो आणि बस येईपर्यंत हात पँटला पुसत होतो.

दुसरा मैलापुरात, तंजावरकडच्या एका मराठी आजींकडे. मुलगा परदेशी गेला तेव्हा कॅमेऱ्याला दमट हवा लागू देऊ नकोस असं बजावून गेला होता. आता त्यानं विकायला सांगितला होता. आजींनी मला स्वयंपाकघरात नेलं, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि कॅमेरा वर काढला. पिशवी नाही, फडकं नाही. बुरशी लागली नव्हती हे खरं, भिंतीचा फोटोही निर्मळ आला. पण व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर आत एक सोंडा, तांदळातला किडा, फिरत होता. दुसरा माझ्या भुवईवर चढला.

तरी घेतो म्हणालो आणि पाकीट काढलं. आजींनी हातानंच थांबवलं.

"जेवल्याविना आमच्या घरांतून वस्तु जाणार नाही. बसा."

नुसतं ताक चालेल म्हणालो, उपास आहे म्हणालो, उशीर झालाय म्हणालो. सगळ्या थापा त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या आणि त्याच डब्यातून तांदूळ काढले. निवडले, हे मान्य करतो. पण त्यांचा चष्मा माझ्या छोट्या कॅमेऱ्याच्याच लायकीचा होता. पानावर वाफाळता भात आला, त्यावर रसम. रसमात मोहरी होती. एका मोहरीला पाय होते.

उठून जावंसं वाटलं. पेरुंगुडीचा फोन नंबर खिशातच होता. मग तो मिटलेला अल्बम आठवला. मी तो घास न चावता गिळला, आणि पुढचेही. आजींना वाटलं, भुकेला आहे. त्यांनी आणखी वाढलं.

घरी गच्चीवर ब्रशनं, टाचणीनं, उन्हात ठेवून किडे काढले. बायकोनं कॅमेरा आठवडाभर घरात घेऊ दिला नाही.

अरंगेत्रमला पडदा सरकला आणि मी डोळा लावला. नाचता नाचता तिनं मान वळवली, नेमकं माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच वेळी आत उरलेला एक सोंडा तिच्या गालावरून निवांतपणे नाकाकडे निघाला. अंगावर काटा आला. डोळा काढला असता तर तो क्षण गेला असता. मी बटण दाबलं.

व्ह्यूफाइंडरमधला सोंडा फोटोत येत नाही, फक्त काढणाऱ्याला दिसतो. मुलीनं तो फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला. काय सुंदर चेहरा पकडलाय, असं सगळे म्हणतात. मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवतो.