शंभरीतलं नाव

सुरतेतल्या कोसाडच्या आवास वसाहतीत हळदीची तारीख काढायची असली की आधी मांडववाल्याला नाही, ज्योतीला विचारतात. ज्योती मोकळी असेल तो दिवस हळदीचा. नवरदेवाची सुट्टी, मामाचं येणं, सगळं त्यानंतर. धुळ्याकडून सुरतेत येऊन तिला बरीच वर्षं झाली. नवरा प्रवीण लूमवर, आणि ती तळमजल्यावर भाईदास शेठच्या कामाच्या हॉलमध्ये साड्यांना लेस आणि खडे लावते. पण ही झाली पोटापाण्याची ओळख. हळदीच्या गाण्याची पहिली ओळ ज्योतीनं उचलायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची, हे इमारतीत कधीच ठरून गेलं होतं.

या बायांची एक रीत आहे. हळदीच्या गाण्याला पैसे घ्यायचे नाहीत, गाण्याची फेड गाण्यानंच. तू माझ्या दारात गायलीस, मी तुझ्या दारात गाईन. आता ज्योतीला एकच मुलगा आणि तोही शाळेत, त्यामुळे तिच्या दारात गायचा प्रसंगच येईना, आणि अख्खी इमारत तिची देणेकरी होऊन बसली. शेजारच्या सखुबाईनं तर याचा घोरच घेतला होता. तिच्या दोन मुलींच्या हळदीत ज्योती गायली होती आणि तिसरीची येऊ घातली होती. सखुबाईचा आवाज म्हणजे गंजलेल्या बिजागरीचा, आणि हौस मात्र दांडगी.

ज्योतीच्या मनात फेडबीड काही नव्हतं. तिला सलायचं ते निराळंच. लग्नसराईत ती एका बँडबरोबरही गायची. बँडच्या बोर्डावर मालकाचं नाव, बेंजोवाल्याचं नाव, आणि खाली कोपऱ्यात 'सोबत महिला गायिका'. इतकी वर्षं गळा फोडून बाई नुसती 'सोबत'! कुठंतरी एकदा आपलं नाव लिहिलेलं असावं, एवढीच तिची इच्छा होती, पण ती हाडात शिरलेली होती.

मग सुरतेतल्याच लिंबायतच्या एका खोलीएवढ्या स्टुडिओत तिनं स्वतः रचलेलं अहिराणी गाणं म्हटलं. लोकांच्या साड्यांना खडे लावणारी मुलगी, आणि तिच्या स्वतःच्या हळदीची साडी कोरीच, असं गाणं. ते धुळे, जळगाव, नाशिक करत मोबाइलमोबाइलवर गेलं, आणि एके दिवशी निखिल नावाचा गृहस्थ तिचं घर शोधत आला.

निखिल सुरतेच्याच अडाजण भागात राहणारा, बँकेत अधिकारी. काहींना क्रिकेटचे विक्रम पाठ असतात, तसे याला गाण्यांचे. देशात सगळ्यात जास्त ऐकलेल्या शंभर गाण्यांची यादी दर शुक्रवारी निघते, तिला सगळे 'शंभरी' म्हणतात. त्या शंभरीच्या इतिहासावर हा एक चॅनल चालवायचा. घरची बायकामाणसं या छंदाला कंटाळली असणार, कारण ऐकणारं कुणी भेटलं की तो थांबायचाच नाही. कॅसेटच्या काळात ठरावीक दुकानदार किती माल खपला ते फोनवरून सांगायचे, त्यावर यादी लागायची. एका निर्मात्यानं त्याच दुकानांतून आपल्याच कॅसेटी विकत घेतल्या, गाणं पहिलं आलं, आणि पुढं त्या कॅसेटी त्याच्याच गोदामात भिजलेल्या सापडल्या. तेव्हापासून दुकानांची नावं गुप्त झाली. मग रेडिओ आले, आणि आता मोबाइल. कोणतं गाणं सगळ्यात जास्त आठवडे टिकलं, कोणतं एकाच आठवड्यात आलं आणि बुडालं, सगळं त्यानं ज्योतीला चहा गार होईपर्यंत सांगितलं.

"ज्योतीताई, तुमचं गाणं अगदी उंबरठ्यावर आहे," तो म्हणाला. "शंभरीत आजवर एकही अहिराणी गाणं आलेलं नाही. एक आठवडा आलं तरी पुरे. यादीतून गाणं उतरतं, इतिहासातून नाही उतरत. पहिलं ते पहिलंच, आणि पुढं तुमचं नाव."

ज्योतीनं हे सखुबाईला सांगितलं आणि तिथंच सगळं घडलं. सखुबाई डोळे मोठे करून म्हणाली, "आते फेडाना वखत उना, माय."

दुसऱ्या दिवसापासून हॉलमधल्या झाडून सगळ्या बायांनी मोबाइलवर ज्योतीचं गाणं लावलं. भाईदासनं बायांचं मन रमावं म्हणून वाय-फाय दिलंच होतं. एकीचं गाणं सुरू तर दुसरीचं मध्यावर, तिसरीचं संपत आलेलं. नुसता कालवा. जेवायला उठल्या तरी कुणी बंद करेना. हळदीत अर्ध्यावर गाणं सोडणं अपशकुनाचं, ते इथं तरी कसं सोडायचं? ज्योती खडे लावत ऐकायची, लाजायची, आणि नको म्हणायची नाही.

शुक्रवारी गाणं शंभरीत आलं, बासष्टावं. हॉलमध्ये पेढे वाटले. आणि सोमवारी यादीवाल्यांनी ते रोखलं.

निखिल धावत आला. "एकाच जागेवरून, एकाच वाय-फायवरून, दिवसभर तेच गाणं. जेवणाची सुट्टीसुद्धा नाही. त्यांना वाटलं, कुणीतरी यंत्रं लावून ठेवलीत. आता इतिहासात 'रद्द' असा शेरा पडेल." मग त्यानं वाट सांगितली. गायिकेनं कॅमेऱ्यासमोर सांगायचं, की ही माणसं माझी नाहीत, मी त्यांना ओळखत नाही. मग त्या जागेचं ऐकणं वजा होईल, बाकीचं धरलं जाईल. त्याच्या हिशेबानं तेवढ्यावरही गाणं शंभरीत राहणार होतं.

"ओळखता का तुम्ही त्यांना?" त्यानं मोबाइल समोर धरून विचारलं.

भिंतीपलीकडे सखुबाई भांडी घासत होती. त्याचा आवाज ज्योतीला येत होता.

"नाही," ती स्वच्छ, शाळेतल्या मराठीत म्हणाली. "मी नाही ओळखत त्यांना." इथं थांबली असती तरी निभावलं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला दोन शब्द जास्तच सुचतात. "अडाणी असतील कुणीतरी. असे लोक काहीही करतात."

निखिलनं चॅनलवर टाकलेली ती चित्रफीत हॉलमधल्या बायांनी गाणं लावलेल्या त्याच मोबाइलवर पाहिली. सकाळी ज्योती कामावर गेली तेव्हा त्यांनी नेहमीसारखी सरकून तिला जागा दिली, खड्यांची पुडी पुढं केली. मोबाइल सगळे बंद होते. ज्योतीला वर बघवेना. तिनं दिवसभर मान खाली घालून खडे लावले आणि त्यातले निम्मे वाकडे लागले.

शुक्रवारी शंभरी निघाली. चौऱ्याण्णवावं गाणं, पुढं ज्योतीचं नाव, आणि निखिलच्या इतिहासात 'पहिलं अहिराणी'. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि तिला ते मोबाइल पालथा घालून झाकून टाकावंसं वाटलं. प्रवीणनं मात्र नीट वाचलं. मग तो तिच्याकडं न बघताच म्हणाला, "नाव तं लागनं. आते दाखाडशी कोनले?"

त्याच संध्याकाळी सखुबाई आली. ज्योती मनाशी म्हणाली, आता शिव्या दे बाई, दोन थोबाडीत मार आणि मोकळं कर. पण सखुबाई दारातच उभी राहिली, पदराशी चाळा करत, गुन्हा तिचाच असल्यासारखी.

"माय, चूक आम्हनीच. आम्हनामुये तुन्हं नाव जातं व्हतं," ती म्हणाली. "आमी सगळ्यासनी ठराई टाकं. कोनी इचारं तर सांगानं, ज्योती कोन? आम्हले नही माहीत."

ज्योतीनं बसायला चटई पुढं सरकवली, पण सखुबाई दारातून हलली नाही.

"आनि पोरनी हळद रविवारले शे. तू नको येवू," सखुबाई आणखी हळू म्हणाली. "कोनी मोबाइलमा काढं, त्या लोकेसनी दखं, तर तुन्हं नाव पुसाई जाई. आमी गाई लेसूत जसं जमी तसं."

असं म्हणून ती गेली. ज्योतीला इतकी लाज कधी वाटली नव्हती. आपण त्यांना एका वाक्यात तोडलं, आणि या वेड्या आपलं खोटं सांभाळायला सगळ्या मिळून खोटं बोलणार. त्यांनी ओरडून भांडण केलं असतं तर तिनंही आवाज चढवला असता. या भल्या बायांपुढं तिला काही तोंडच उरलं नव्हतं.

रविवारी दुपार कलली तशी खाली गाणी सुरू झाली. ज्योती घरात दार लावून बसली होती. पहिली ओळ कुणी उचलायची यावरून खाली नुसती कुजबुज, मग एकीनं वर उचलली, दुसरीनं खाली, आणि दुसऱ्या कडव्याला सगळ्याच अडल्या. हसण्याचा आवाज आला, तोही ओशाळवाणा. ज्योती उठली आणि होती तशी, घरातल्या साडीत खाली गेली.

मांडवात तिला पाहताच बायांचे चेहरे घाबरे झाले. समोर नवरीचा मावसभाऊ मोबाइल धरून शूटिंग करत होता. सखुबाई हळदीच्या हातानं धावली आणि तिनं ज्योतीचा पदर ओढून तिच्या तोंडावर घेतला. दुसरी येऊन आडवी उभी राहिली. "दिसू नको माय, दिसू नको," सखुबाई कानाशी म्हणत होती.

त्या पदराआड ज्योतीला क्षणभर बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचीच तिला किळस आली. तिनं पदर मागं सारला, आडव्या उभ्या बाईला बाजूला केलं आणि सरळ मोबाइलकडं बघितलं.

"मी ज्योती. ते शंभरीमा नाव शे, ती," ती म्हणाली. या वेळी शाळेतली मराठी आली नाही. "मी खोटं बोलनू. ह्या मन्ह्या बाया शेतस. ही सखुबाई. गानं ह्यासनीच वाजाडं. निखिलभाऊले धाडी दे हाई."

"येडी शे का वं?" सखुबाई रडवेली होऊन म्हणाली. "कसाले सांगं? गयं ना आते तुन्हं नाव."

ज्योतीनं पहिली ओळ उचलायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पुन्हा प्रयत्न केला, तरी नाही. बाया तिच्या तोंडाकडं बघत थांबल्या होत्या, इतकी वर्षं थांबायच्या तशाच. शेवटी सखुबाईनंच नाक पुसलं आणि आपल्या त्या करकरत्या आवाजात गाणं सुरू केलं. ज्योती तिच्या मागून म्हणत राहिली. मान मात्र तिला शेवटपर्यंत वर करता आली नाही.