पिस्तुलाची पोच

"पोच द्या, मंग न्या."

शेजारच्या काउंटरवरून हे शब्द आले तेव्हा मी एका आजींच्या बॅगेला विमानाच्या सामानाची पट्टी चिकटवत होते. मान वर न करताही मला कळलं की माझे मामा आले आहेत. हातातली वस्तू दुसऱ्याच्या हातात देताना त्याची सही घेतल्याशिवाय न सोडणारा असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि पुढे कधी जन्माला येईल असंही मला वाटत नाही.

मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. तिसगावचे, पोलिसात हवालदार, निवृत्तीला दोन महिने राहिलेले. त्यांच्या शर्टाच्या डाव्या खिशात एक लांबट वही असते आणि वहीत घडी केलेला कार्बन पेपर. माझ्या बहिणीच्या लग्नात रुखवतावर लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. ते वरपक्षाच्या ताब्यात देताना त्यांनी तांब्याच्या कळशीपासून कापडी बाहुलीपर्यंत यादी केली आणि खाली नवरदेवाची सही मागितली. नवरदेव बोहल्यावर उभा होता. "अहो हवालदार, मुहूर्त जाईल!" भटजी ओरडले. मामा शांत होते. "मुहूर्त दुसरा काढता यील, गुरुजी. बाहुली गेली तर कोन जबाबदार?" नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला करून सही केली, मगच मंगलाष्टका सुरू झाल्या. वर्षभराने त्याच बहिणीचं बाळ मामांनी पाच मिनिटं मांडीवर घेतलं. परत देताना वही पुढे आली. 'मूल सुस्थितीत, रडत नसताना परत मिळाले.' बहिणीने हसत हसत सही केली. मामी म्हणाल्या, "माझ्या बापालाबी पोच दिली असंल यांनी, लग्नात." मामांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "दिली हाय. नक्कल ट्रंकंत हाय."

हे सगळं सुरू झालं एका काडतुसापासून. नोकरीच्या पहिल्या वर्षी बंदोबस्तावरून परतल्यावर मोजणीत एक राउंड कमी भरला. मामांनी तो जमा केला होता, पण सही घेतली नव्हती. चौकशी लागली. तो राउंड दुसऱ्याच कुणाच्या पट्ट्यात सापडला, पण तीन महिन्यांनी. "तीन महिने जेवान गोड लागलं न्हाई," ते सांगतात. एवढंच सांगतात आणि विषय बदलतात.

तर असे मामा राहात्याजवळच्या आमच्या छोट्या विमानतळावर, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसायला, खाकी गणवेशात, कमरेला सरकारी पिस्तूल लावून आले होते. चेन्नईत एक आरोपी पकडला गेला होता. त्यांचे साहेब आदल्या दिवशीच पुढे गेले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टातून आरोपीचा ताबा घ्यायचा होता. सोबत सशस्त्र माणूस हवा, तो म्हणजे मामा. हे विमान चुकलं तर दुसरं थेट दुसऱ्या दिवशी दुपारी. म्हणजे कोर्ट चुकलं, आणि नोकरीची शेवटची मोठी कामगिरीही.

त्यांनी मला पाहिलं होतं. पाहिलं आणि नजर पुढे नेली, जणू तिथे मी नाही, एखादा खांब आहे. गावची बोली तोंडातून निसटू नये म्हणून इथे मी सगळ्यांशी इंग्रजीत बोलते, डबा एकटी खाते आणि घरचं काही सांगत नाही. मामांना हे कुणी कळवलं नव्हतं. त्यांना कळलं होतं. मी आजींच्या बॅगेची पट्टी उगाचच पुन्हा नीट केली.

"काका, पोच वगैरे नंतर," माझा सहकारी म्हणाला. तो पुण्याचा आहे आणि रांग लांबली की त्याला विनोद सुचतात. "विमानात पिस्तूल कमरेला लावून बसता येत नाही. रिकामं करायचं, गोळ्या वेगळ्या, सगळं पेटीत कुलूपबंद, आणि पेटी खाली सामानात. उतरल्यावर तिथला आमचा माणूस हातात देईल. समजलं?"

"समजलं. नियम वाचून आलोय. आनि काका न्हाई, हवालदार."

बाजूच्या खोलीत सुरक्षा रक्षकासमोर मामा पिस्तूल काढायला गेले आणि अडचण उभी राहिली. पिस्तूल पडू नये म्हणून पोलिसांच्या खांद्यापासून एक जाड दोरी त्याला बांधलेली असते. ती खांद्यावरून सुटेना. कारण ती शिवलेली होती. मामींनी आदल्या संध्याकाळी, विमानात वारं लई असतं म्हणून, दुहेरी दोऱ्याने ती शर्टाला टाचून दिली होती, आणि पिस्तुलाकडची गाठही त्यांनी अशी मारली होती की ती आता कुणाच्या बापालाही सुटली नसती. रक्षकाने कात्री आणली. मामा एक पाऊल मागे सरले. "कापायची न्हाई. सरकारी दोरी हाय. कापली तर पंचनामा करावा लागंल."

"मग काय शर्टासकट पेटीत घालायचं?" सहकारी म्हणाला. रांगेतले चारदोन लोक हसले.

मी माझ्या नावाच्या बिल्ल्याची पिन काढली, खोलीत गेले आणि मामांच्या खांद्यावरचा एकेक टाका उसवायला लागले. मामींचे टाके बारीक होते. मामा समोरच्या भिंतीकडे बघत, ताठ उभे. "सावकाश, मॅडम," ते हळूच म्हणाले. "घाई केली का पिन टोचती." शेवटचा टाका निघाला तेव्हा विमानाचं काउंटर बंद व्हायला चौदा मिनिटं उरली होती.

मग मात्र मामा विजेसारखे हलले. मॅगझिन बाहेर, नळी छताकडे, वरचा सरकता भाग मागे, आत बोट घालून खात्री. दहा राउंड टेबलावर उभे करून त्यांनी मोठ्याने मोजले आणि रक्षकालाही मोजायला लावले. पिस्तूल दोरीसकट पेटीत, राउंड वेगळ्या डबीत, कुलूप. पेटी काउंटरवर आली. मामांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताने वही पुढे केली.

"असल्या वहीवर आम्ही सह्या करत नाही," आमच्या सुपरवायझर मॅडम येऊन म्हणाल्या. "फॉर्म भरला, संपलं. पेटी द्या, नाहीतर विमान जाईल."

"जाऊ द्या. पोच न्हाई तर पेटी न्हाई."

"एवढा काय अविश्वास?"

"इस्वास हाय, मॅडम. म्हनून तर नुसती सही मागतोय."

नऊ मिनिटं. मामांच्या कपाळावर घाम होता, पण तळहात पेटीवरून हलला नाही. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. एकदा जरी पाहिलं असतं तर मला कदाचित राग आला असता आणि सोपं गेलं असतं.

आमच्या शस्त्राच्या फॉर्मच्या तीन प्रती असतात. तिसरी गुलाबी. ती सामान ताब्यात घेणाऱ्याने सही करून प्रवाशाला द्यायची, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. कुणी मागत नाही म्हणून कुणी देत नाही. सगळे गुलाबी कागद खालच्या ड्रॉवरमध्ये कोरे पडून होते. मी ड्रॉवर उघडला, एक कागद काढला, मॅडमसमोर ठेवला आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग पेन मागितलं आणि सही केली, खाली हुद्दा, वेळ, शिक्का.

मामांनी गुलाबी कागद उजेडाकडे धरून पाहिला. एवढं सुंदर काही त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलेलं नसावं. "बगा," ते सगळ्या रांगेला म्हणाले, "नियमातच हुतं!" आणि पेटीवरचा हात उचलला. मघाशी हसलेल्यांपैकी एका गृहस्थांनी टाळी वाजवली, मग आणखी दोघांनी.

काचेतून मी बघत राहिले. ते विमानाच्या पोटाजवळ थांबले. पेटी आत जाईपर्यंत हलले नाहीत, आणि सामान चढवणाऱ्या माणसापुढे त्यांनी वही धरलीच. त्याने खुशाल सही ठोकली. मग मामा शिडी चढले, कठडा घट्ट धरून, एकेक पायरी, खांद्यावर उसवलेल्या दोऱ्याचं एक टोक लोंबत. दोन महिन्यांनी ते हेच पिस्तूल कायमचं जमा करतील. तिथला कारकून सही देईल, ते ती ट्रंकेत ठेवतील, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना सुचणार नाही. टाके उसवताना मी त्यांच्या इतकी जवळ होते, आणि साधं पाणी हवंय का तेसुद्धा विचारलं नव्हतं.

"कसला नग होता रे देवा!" सहकारी खुर्चीत टेकत म्हणाला. "कोण कुठून येतात कोण जाणे."

मॅडम तिथेच होत्या. रांगही होती. मी बिल्ला पुन्हा शर्टाला लावला.

"माझे मामा हायेत ते," मी म्हणाले. "तिसगावचे."