जाळीबाहेरच्या पाच

माझ्या नणंदेला अख्खी गल्ली 'अळीवाली' म्हणते. त्यांना राग येत नाही, म्हणून तो मलाच येतो.

वन्सं बावीस वर्षं पाण्याच्या टाकीच्या आवारात माळीकाम करतात. तिथल्या एका झुडपावर एका पतंगाच्या अळ्या वाढतात, दिव्यावर येतो तसल्या मळकट पतंगाच्या. शेजारच्या झाडावर गाणाऱ्या पक्ष्याचं घरटं. संपत चाललेल्यांच्या यादीत दोघंही. पण मान बघा! पक्ष्याचा फोटो फाटकावर, त्याच्यासाठी लोक कॅमेरे घेऊन येतात. पतंगाला कुत्रं विचारत नाही. त्याला ना गळा, ना धड तोंड. पंख फुटले की चार दिवस उपाशी जगतो आणि मरतो. वन्संचा जीव मात्र त्याच्यावरच. अंड्यांपासून सांभाळल्यात त्यांनी अळ्या.

या खेपेला सोळा होत्या. पक्षिणीला पिल्लं झाली आणि तिनं पाच उचलल्या. वन्संनी घाईघाईनं झुडपाला जाळी बांधली. बाकीच्या कुंपणांवर फवारणी झालेली, तिथं किडा औषधालाही सापडत नाही. पक्षीण दोन दिवस रिकाम्या चोचीनं फिरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वन्सं माझ्या ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. "वहिनी, एक पिल्लू मान टाकतंय हो."

मी गॅस बंद केला. दोघी भाजीवाल्याकडे गेलो. "किडका कोबी आहे का?" मी विचारलं.

"सकाळी सकाळी थट्टा करता काय? माझ्याकडं किडकं काही नसतं!"

चार गड्डे घेतले, पान न् पान सोललं. एक अळी निघेल तर शपथ!

मग टाकीच्या आवारात जाऊन वन्संनी जाळीत हात घातला. "ही राहू दे, तब्येतीनं बरी आहे. ही... हिनं कात टाकलीय कालच." एकेक करून पाच बाहेरच्या फांदीवर ठेवल्या. पाचवी बोटाला धरून बसली, सुटेचना. वन्संनी हळूच फुंकर घातली.

पक्षीण लगेच आली. वन्संनी तोंड फिरवलं.

दुपारी नर गायला लागला. फाटकाशी टाळ्या पडल्या. टाकीवरचे साहेब म्हणाले, "बाई, तुमच्यामुळं पक्षी वाचला!"

वन्संनी अवजारांच्या खोलीत जाऊन खिडकी लावून घेतली. मीही पाठोपाठ गेले. पिल्लं उडायला अजून चार दिवस होते आणि जाळीत सहाच उरल्या होत्या.

"माझा हात नाही व्हायचा आता," त्या म्हणाल्या. "वहिनी, उद्याच्या तुम्ही निवडाल?"

मी जाळीपाशी जाऊन सहाही पुन्हा मोजल्या.